सोवळ्यातला बल्ब

बोम्मसंद्र्याला लोक हृदय घेऊन येतात. देवी शेट्टींचं हृदयालय इथंच, होसूर रोडला. त्यामुळे बेंगळुरूत लालबाग कुठं आहे हे ज्यांना सांगता येणार नाही, अशा आमच्या सांगली-मिरजेकडच्या नातेवाइकांनाही बोम्मसंद्रा हे नाव पाठ असतं. मी इथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या क्वालिटी खात्यात आहे. इतक्या वर्षांत माझ्याकडे ‘सहज, भेटायला’ म्हणून कुणी आल्याचं आठवत नाही. येणाऱ्याच्या काखेत फाइल असते आणि चेहऱ्यावर ‘लिफ्ट आहे ना?’ हा प्रश्न असतो.

मामाही फाइल घेऊनच आले. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं, मामींसह. पण त्यांच्या दुसऱ्या हातात एक करडी पेटी होती, लोखंडी कडीची. ती त्यांनी हमालाला दिली नाही, मला दिली नाही, टॅक्सीच्या डिकीत ठेवू दिली नाही. मांडीवर घेऊन आले.

“यात काय आहे, मामा?”

“लग्न,” मामा म्हणाले.

मामांचे थोरले भाऊ बोटीवर होते. त्यांनी कुठल्याशा बंदरातून सुपर एटचा कॅमेरा आणि हा ऑस्ट्रियन बनावटीचा प्रोजेक्टर आणला होता. डिसेंबर १९७५ मध्ये मिरजेला मामांचं लग्न झालं, ते त्यांनी चित्रित केलं. सगळं एका रिळात. सुपर एटचं रीळ पन्नास फुटांचं. फुटाला ७२ चौकटी, म्हणजे झाल्या ३६००. सेकंदाला १८ चौकटी सरकतात. कागद-पेन्सिल न घेता सांगतो, मामा-मामींचं लग्न तीन मिनिटं वीस सेकंदांचं आहे. त्यातही प्रोजेक्टरची पाकळी दर चौकटीला तीनदा उजेड अडवते, म्हणजे त्यातला जवळपास निम्मा वेळ पडद्यावर अंधारच असतो. आवाज तर नाहीच. आणि रीळ धुण्यासाठी पुन्हा बोटीवर गेलं, ते दहा महिन्यांनी परत आलं. तोवर या लग्नाचा एकमेव हलता पुरावा समुद्रावर होता.

२०२५ च्या डिसेंबरात त्या लग्नाला पन्नास वर्षं. मामांचा बेत असा, की दवाखान्याची तारीख आणि लग्नाची तारीख जवळजवळ आलीच आहे, तर सोहळा बोम्मसंद्र्यातच करावा आणि आमच्या सोसायटीतल्या चार मराठी कुटुंबांना लग्न दाखवावं. “त्या वेळी तुम्ही कुणी नव्हता,” मामा म्हणाले, जणू आम्ही पत्रिका मिळूनही गेलो नव्हतो.

हृदय दीड दिवसात पास झालं. पट्ट्यावर चालवलं, छातीवरून यंत्र फिरवलं, रक्त घेतलं, आणि डॉक्टरांनी ‘मीठ कमी’ एवढंच सांगून सोडलं. प्रोजेक्टरला अकरा दिवस लागले.

पहिल्या संध्याकाळी हॉलमध्ये भिंतीवर पांढरी चादर लावली. मामांनी पेटीचं झाकण उघडलं आणि आतून आजोबांच्या कपाटासारखा वास आला. बटणाला दोन खटके. पहिल्या खटक्याला मोटर आणि पंखा, दुसऱ्याला दिवा. मामांनी पहिला खटका दिला. मोटर घुर्रर्र करून चालू झाली, पंखा लागला. (आतला रबरी पट्टा वितळून काकवी झाली होती, त्याच्या जागी मी दुपारीच कारखान्यातली एक ओ-रिंग चढवली होती. तिचं कौतुक कुणी केलं नाही ते आजतागायत.) मग मामांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, घसा खाकरला आणि दुसरा खटका दिला.

काही नाही. मोटर घुरघुरतेय, पंखा वारा घालतोय, चादर पांढरी.

बंद पडलेल्या यंत्रासमोर पहिले चार सेकंद सगळे गप्प असतात. मग सगळे एकदम बोलतात, आणि जो तो आपल्या धंद्याप्रमाणे बोलतो. बायको बँकेत आहे. ती म्हणाली, “बंद करून परत चालू करा.” आमचे चिरंजीव बारावीला आहेत. ते म्हणाले, “यावर प्रश्न येत नाही.” आणि आत गेले. मामांनी पेटीच्या कुशीवर दोन थापा दिल्या. मिरजेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान नव्हतं, ते पाटबंधारे खात्यात होते. पण थाप मारणं ही त्या पिढीची विद्या खातेनिहाय नव्हती.

मामी मात्र उठून जवळ गेल्या. चष्मा कपाळावर सरकवला, दिव्याच्या खोबणीत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “आत काजळी धरलीय.”

आता माझी चूक सांगतो. मी हसलो. हसलो ते हसलो, वर समजावून सांगितलं. म्हटलं, मामी, हा हॅलोजनचा बल्ब आहे, याला काजळी धरत नाही. साध्या बल्बमध्ये टंगस्टनच्या तारेची वाफ होते आणि काचेला आतून चिकटते, म्हणून जुना बल्ब काळवंडतो. हॅलोजनमध्ये आतला वायू ती वाफ काचेवर बसू देत नाही, पकडून परत तारेवर नेऊन सोडतो. मामींनी सगळं ऐकून घेतलं. “असेल,” म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. ‘असेल’ या शब्दात आमच्याकडच्या बायका काय काय ठेवतात ते मला पन्नाशीतही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं सुरुवात केली. आमच्या धंद्यात बिघाड झाला की त्याला हात लावायचा नसतो, आधी कागद घ्यायचा असतो. पाच वेळा ‘का?’ विचारायचं, ही टोयोटावाल्यांची रीत. पहिला का: चित्र का दिसत नाही? कारण दिवा लागत नाही. दुसरा का: दिवा का लागत नाही? कारण वीज पोचत नाही. तिसरा का: वीज का पोचत नाही?

“कारण तू लिहीत बसलायस,” मामा म्हणाले.

तरी मी माशाच्या काट्याची आकृती काढली. डोक्याशी बिघाड, काट्यांवर कारणं: माणूस, यंत्र, माल, पद्धत. मामांनी ‘माणूस’ या काट्यापुढे स्वतःच्या हातानं ‘बेंगळुरूचे वीजवाले’ असं लिहिलं. त्यांचं म्हणणं, मिरजेत हाच दिवा लागत होता, म्हणजे इथल्या करंटमध्ये दम नाही. शेजारचे बेळगावकर तेवढ्यात आले होते. बेळगावचा माणूस मराठीत कितीही मुरलेला असला तरी कर्नाटकच्या विजेवर बोललेलं सहन करत नाही. “काय बोलताय ओ मामा,” ते म्हणाले, “शिवनसमुद्रची वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीपर्यंत गेलीय की. १९०५ ला बेंगळुरात रस्त्यावर दिवे लागले. तुमच्या मिरजेत तेव्हा काय होतं?”

“सतार,” मामा म्हणाले.

प्रश्न मिटला नाही, पण विषय संपला. बेळगावकर निघाले तेव्हा मामांना पेटीच्या मागं नाणं घालून फिरवायची चकती दिसली. ११०, १३०, १५०, २२०, २४०. काटा २४० वर. “अरे, ११० वर कर,” मामा म्हणाले, “कमी आकड्यावर जास्त जोर येत असेल.” हे खरं होतं, आणि म्हणूनच भयंकर होतं. ११० वर ठेवून घरातली वीज दिली असती तर आतल्या ट्रान्सफॉर्मरनं दुप्पट जोर मारला असता आणि बल्बबरोबर लग्नही उडालं असतं. मामांचा हात मी वेळेवर धरला. त्यांच्या फाइलमध्ये ‘उत्तेजना टाळावी’ असं लिहिलंय, ते बहुधा माझ्यासाठी असावं.

तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, चंदापूरहून. त्यानं खिशातून टेस्टर काढला, खोबणीत लावला आणि जाहीर केलं, “करंट इल्ला सार. ट्रान्सफॉर्मर होगिदे.” दीडशे रुपये घेऊन गेला. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे नागपूरकर मल्टिमीटर घेऊन उतरले. ते इलेक्ट्रॉनिक सिटीत आहेत आणि मल्टिमीटरशिवाय कुणाकडे जेवायलाही जात नाहीत. त्यांनी त्याच खोबणीत टोकं लावली. बारा व्होल्ट. चोख.

“करंट तर येऊन राहिला ना भाऊ,” ते म्हणाले. “त्या टेस्टरच्या नादी कशाला लागता? तो नियॉनचा, बारा व्होल्टला पेटतच नाही. ट्रान्सफॉर्मर मस्त आहे.”

मग बल्ब काढून त्याच्या दोन पायांना टोकं लावली. मीटर कुऽऽई करून वाजला. म्हणजे तार शाबूत. वीज येतेय, बल्ब चांगला आहे, आणि दिवा लागत नाही. नागपूरकरांनी खुर्चीत मागं टेकून चहा मागितला. यंत्राशी लढताना माणूस खुर्चीत टेकतो त्या क्षणी यंत्र जिंकलेलं असतं.

मामा मात्र त्या रात्री वेगळ्याच गावी गेले. दिवा न लागणं त्यांना नवं नव्हतं. तरुणपणी जत्रेतल्या तंबूत त्यांचा एक मित्र ऑपरेटर होता, त्याच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांनी कितीतरी सिनेमे मागून पाहिलेत. त्या दिव्याला बल्बच नव्हता. कार्बनच्या दोन कांड्या, एकमेकींपासून बोटाच्या पेराहून कमी अंतरावर, आणि मधून ठिणगीचा अखंड धबधबा. कांड्या जळत जायच्या, अंतर वाढत जायचं, म्हणून ऑपरेटरनं एका हातानं दांडी फिरवत त्या जवळ आणत राहायचं. तो विडी पेटवायला वळला की पडद्यावरचा नायक निळा पडायचा आणि तंबूतून ‘ए लाईऽऽट!’ अशी आरोळी उठायची. यंत्र एकच असलं की रीळ संपताच अंधार, दुसरं चढेपर्यंत पब्लिक ऑपरेटरच्या सात पिढ्या काढायचं. “शिव्या खाऊन माणूस चपळ होतो,” मामा म्हणाले. “तुझ्यावर कुणी ओरडत नाही, म्हणून तुझा दिवा लागत नाही.”

त्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी काढलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कानच्या महोत्सवात दाखवला गेला. त्यात एक म्हातारे प्रोजेक्टर-मिस्त्री आहेत. गिऱ्हाईक संपलं तरी त्यांचं यंत्रांवरचं प्रेम संपलेलं नाही. मी मामांना लॅपटॉपवर त्यातला एक तुकडा दाखवला. त्यांनी तो लक्षपूर्वक पाहिला आणि विचारलं, “यांचा नंबर मिळेल?”

मग मी उगाच बोलून गेलो, की मराठी माणसाचं या धंद्यात दिव्यापासूनच सुरू झालंय. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलासमोर झरझर सरकवून पडद्यावर हलती गोष्ट दाखवली आणि तिला ‘शांबरिक खरोलिका’ असं दणदणीत नाव दिलं. शंबर म्हणजे मायावी असुर. लुमिएरवाल्यांची चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली ७ जुलै १८९६ ला, त्याच्याही आधी ही माया कल्याणात होती. आणि दादासाहेब फाळके? गिरगावात ख्रिस्ताचा चित्रपट पाहून झपाटले, तेव्हा छोटी रिळं आणून रात्री घरात मेणबत्तीपुढे भिंग धरून भिंतीवर चित्र पाडायचे असं सांगतात. पुढं डोळे जायची वेळ येईपर्यंत पाहत राहिले.

‘मेणबत्ती’ हा शब्द मी उच्चारायला नको होता. मामा उठलेच.

“मेणबत्ती नको, मामा. रीळ आहे आत.”

“मग तुझा मोबाइल दे.”

मोबाइलचा टॉर्च दिव्याच्या खोलीत घुसवला, मोटर चालू केली. चादरीवर पोस्टाच्या तिकिटाएवढा एक धुरकट चौकोन उमटला आणि त्यात काहीतरी हललं. आम्ही पाच जण चादरीला नाक लावून उभे राहिलो. मामांच्या मते तो त्यांचा फेटा. बायकोच्या मते बैल. “बैल नव्हता लग्नात,” मामी म्हणाल्या, आणि थोडं थांबून, “तुमचे काका असतील.”

आता सगळ्यांचं एकमत झालं, की कुठलाही बिघाड असो, नवा बल्ब आणून पाहावाच. यामागे तर्क नव्हता. पण घरात आठ दिवस पेशंट असला की शेवटी माणूस डॉक्टर बदलतोच.

मी एस. पी. रोडला गेलो. त्यासाठी पूर्वी अर्धा दिवस होसूर रोडवर घालवावा लागायचा. आता पिवळी मेट्रो बोम्मसंद्र्यापासूनच निघते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती सुरू झाली तेव्हा तीनच गाड्या होत्या, पंचवीस मिनिटांनी एक. आमच्याकडे लोक मुहूर्त पाहून घराबाहेर पडत. आर. व्ही. रोडला गाडी बदलायची, चिकपेटला उतरायचं. एस. पी. रोड म्हणजे पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड एकाच ताटात वाढल्यासारखं. तिथं उपग्रहाचा सुटा भाग मागितला तरी ‘चहा घ्या, देतो’ म्हणतील. पण मी कागदावर ‘१२ व्होल्ट, १०० वॅट, हॅलोजन, दोन पायांचा’ लिहून पुढं केलं की प्रत्येक दुकानदार माझ्याकडे करुणेनं पाही. “एलईडी तगोळ्ळी सार,” एक जण म्हणाला, “बिल कम्मी बरुत्ते.” त्याला मी काय सांगणार, की हा दिवा वर्षाला साडेतीन मिनिटंही लागत नाही, त्याचं बिल किती येणार?

बल्ब शेवटी मिळाला तो आमच्याच जिन्यात. खालच्या मजल्यावरच्या सोलापूरच्या ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहेत. त्यांनी जिन्यातच माझ्या हातातला जुना बल्ब पाहिला आणि म्हणाल्या, “हा तर आमच्या मायक्रोस्कोपचा!” अगदी तोच. १२ व्होल्ट, १०० वॅट, तेच पाय. ज्या उजेडात त्या रोज लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजतात, त्याच उजेडात मामांची वरात निघायची होती. त्यांच्या पुरवठादाराकडून नवा बल्ब दोन दिवसांत आला, छोट्याशा खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत. ताईंनी तो टेबलावर ठेवला आणि बजावलं, “बोट लावायचं नाही हं कुणी.”

तोवर मामांनी लावलंच होतं. पिशवीतून काढून, अंगठा आणि दोन बोटांत धरून, ते बल्ब खिडकीच्या उजेडाकडे करून तार पाहत होते.

ताईंनी किंकाळी आवरली. हॅलोजनची काच साधी नसते, क्वार्ट्झची असते आणि शेकडो अंशांपर्यंत तापते. बोटाचा तेलकटपणा तिच्यावर राहिला तर नेमकी ती जागा जास्त तापते, काच फुगते, बल्ब वेळेआधी जातो. म्हणून पिशवीतूनच धरायचा, नाहीतर हातमोजा घालून, आणि चुकून हात लागलाच तर स्पिरिटनं पुसून घ्यायचा.

मामांचा चेहरा उतरला. “मी अंघोळ करून आलोय,” ते म्हणाले.

“अंघोळीनं नाही चालत, मामा.”

“मग सोवळं नेसू?”

चेष्टेत म्हणाले, पण मामींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा या यंत्राबद्दल आदर दिसला. त्यांच्या आजेसासूबाईंचं सोवळं त्यांनी काढलंय. उंच दांडीवर वाळत घातलेलं लुगडं काठीनं काढायचं, शिवायचं कुणी नाही, चुकून मुलाचा हात लागला तर पुन्हा पाण्यातून. या गोष्टींना विज्ञानात काही आधार नाही असं मामा आयुष्यभर सांगत आले. आणि आता पन्नासाव्या वर्षी ऑस्ट्रियातून आलेलं यंत्र त्यांना सांगत होतं, शिवू नका. मामींनी न बोलता स्पिरिटचा बोळा पुढं केला. त्यात जी काही गोडी होती, ती मला नाही वर्णन करता येणार.

नवा बल्ब ताईंनी हातमोजे घालून बसवला. घरात सगळे जमले होते. बेळगावकर सहकुटुंब, नागपूरकर मल्टिमीटरसह. पहिला खटका. दुसरा खटका.

चादर पांढरी.

आता मात्र कुणी बोललं नाही. नागपूरकरांनी मीटर खिशात घातला. मामा फाइलकडे पाहू लागले. मी काट्यांच्या आकृतीला पाचवा काटा काढायला घेतला. आणि मामी चष्मा कपाळावर सरकवून उठल्या.

“मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं, आत काजळी धरलीय. बल्बला नव्हे. तो बसतो त्या पितळ्यांना.”

बल्ब उपसला. चिनीमातीच्या खोबणीत बल्बचे पाय धरणाऱ्या दोन बारीक पट्ट्या असतात. त्या चिमट्यानं ओढून बाहेर काढल्या. मी दहा दिवस त्यांच्यावर टॉर्च मारत होतो आणि काळा हाच त्यांचा रंग असावा असं समजत होतो. त्या बाहेर आल्या तेव्हा नुकत्याच विझलेल्या वातीसारख्या काळ्याभोर होत्या. “समईच्या चाड्यात अशी काजळी बसली की वात कितीही तेलात भिजव, ज्योत धरत नाही,” मामी म्हणाल्या. “दर शनिवारी घासावी लागते. हे यंत्र शेवटचं चाललं १९८९ साली. तेव्हापासून ही कुणी घासलीय?”

नागपूरकर टुणकन उठले. आता त्यांना सगळं दिसलं. मीटर मोजतो तेव्हा नुसती चव घेतो, कणभर करंट ओढतो. तेवढा काजळीतूनही जातो, म्हणून बारा व्होल्ट दिसतात. पण शंभर वॅटच्या बल्बला बारा व्होल्टवर आठ अँपिअरच्या वर लागतात, घरातल्या फ्रिजला लागत नाहीत एवढे. ते त्या काळ्या थरातून जाणार कसे? “नळाला पाणी येऊन राहिलंय, पण तोटीत गोटा बसलाय,” ते म्हणाले. हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर दहा चहा वाचले असते, पण असू दे.

मामी पितांबरी मागत होत्या. विनंती करून त्यांना थांबवलं. कारखान्यातून आणलेल्या बारीक पॉलिश पेपरची पट्टी दुमडून मी दोन्ही पट्ट्या घासल्या, मामी शेजारी उभं राहून ‘तिकडून राहिलं’ म्हणत होत्या. स्पिरिटनं पुसलं. ढिल्या झालेल्या पट्ट्या चिमट्यानं किंचित आवळून पुन्हा खोबणीत सारल्या. मोटरला वीज नव्हतीच, प्लग मामींनी स्वतः काढून हातात धरला होता.

बसवला तो जुनाच बल्ब. मामांचा आग्रह. स्पिरिटनं पुसून, ताईंचा हातमोजा घालून, त्यांनी स्वतः बसवला. ऑपरेशनला निघालेल्या सर्जनसारखे दिसत होते, फक्त खाली पायजमा होता.

पहिला खटका. दुसरा.

चादर पिवळसर उजळली आणि हॉलमधून जो आवाज निघाला, तो ऐकून समोरच्या फ्लॅटमधले लोक क्रिकेटचा स्कोअर विचारायला आले.

मामांनी रीळ चढवलं. भिंतीवर माणसं आली. सगळी डोक्यावर. मंडप खाली, पाय वर. १९८९ साली पाहून झाल्यावर रीळ उलटं गुंडाळायचं राहून गेलं होतं, त्यामुळे शेपूट आधी आलं, आणि शेपटाकडून घातलेली फिल्म माणसांना नुसतं मागं चालवत नाही, उलटंही टांगते. बेळगावकरांच्या मुलानं ताबडतोब सोफ्यावर शीर्षासन केलं आणि तोच एक प्रेक्षक सुखी झाला. वरात मागं मागं मंडपात शिरली. गाडी रिव्हर्समध्ये आली. पंगतीत मामींनी मामांच्या तोंडातून घास काढून घेतला, ताटात ठेवला, आणि ओठ हलवून एक उखाणा परत तोंडात घेतला. हार गळ्यांतून निघून हातांत आले. अक्षता डोक्यांवरून उठून मुठींत गेल्या. मग अंतरपाट आला आणि दोघं एकमेकांना दिसेनासे झाले.

“झालं,” मामी म्हणाल्या. “सुटलो.”

मामा सगळ्यांत मोठ्यानं हसले.

मग रीळ गुंडाळून सरळ लावलं. आता माणसं पायांवर होती. मामांच्या डोक्यावर फेटा आणि अंगावर सुटाचा कोट, मामींच्या मुंडावळ्या. तीन हजार सहाशे चौकटींतून काही जळलेल्या आहेत. कधीतरी फिल्म अडकली आणि दिव्यानं खाल्ली. त्या नेमक्या उखाण्याच्या. मामींचे ओठ हलायला लागतात, मामा खाली बघतात, बाजूच्या बायका वाकतात, आणि यमक यायच्या वेळी पडद्यावर एक तपकिरी बुडबुडा फुगून फुटतो. पलीकडे मामींचा चेहरा येतो तेव्हा सगळे हसत असतात.

शेवटी मामांचं नाव येणार हे सांगायला कुणी नको. पण ते जुळवलं कशाशी? आम्ही तो तुकडा सात वेळा पाहिला. ताईंचं मत ‘ताटात’. ओठ मिटलेले नाहीत, म्हणजे ‘प’ आणि ‘म’ बाद, असं नागपूरकर शास्त्रानं सांगू लागले. बेळगावकरांना पहिला शब्द कानडी वाटला. बायको म्हणाली, परत मागं घ्या. माझ्या हाताशी तोच कागद होता, त्यावर पहिला ‘का’ लिहून झालाच होता. मामा काहीच बोलत नव्हते. त्यांना आठवत नव्हतं, आणि ते आठवत नाही हे मामींच्या लक्षात आलेलं त्यांना कळलं होतं.

“मामी, तुम्हीच सांगा की. काय म्हणाला होतात?”

मामींनी उठून बटण एक खटका मागं आणलं. दिवा गेला, चादर पांढरी झाली, पंखा चालूच राहिला.

“बल्ब तापलाय,” त्या म्हणाल्या. “जरा वारा लागू द्या त्याला.”